पडलेला चेंडू आणि लपवलेला चेंडू

१९९५ साली अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील रेनो शहरी ‘सँड्स रिजन्सी ओपन’ या पूल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड. १३ डाव आधी जिंकणारा विजेता ठरणार होता आणि दोघेही १२-१२ वर होते. शेवटच्या डावात रेयेसला पाच नंबरचा चेंडू थेट मारता येत नव्हता. त्याने पांढरा चेंडू दोन कुशनांवर आपटवून ‘झेड’ अक्षराच्या वळणाने नेला, पाच नंबर पॉकेटमध्ये घातला आणि सामना १३-१२ असा जिंकला. पूलच्या इतिहासात इतके कौतुक फार थोड्या फटक्यांच्या वाट्याला आले असेल.

त्याच्या आधीचा फटका मात्र सहसा कोणी सांगत नाही. पांढरा चेंडू त्या अडचणीच्या जागी आपोआप जाऊन बसला नव्हता. स्ट्रिकलंडने तो तिथे नेऊन ठेवला होता. एका अचूक बचावातून तो अद्भुत हल्ला जन्माला आला आणि कौतुकाच्या वाटणीत पहिल्याचे नाव गळाले. हे गळणे योगायोगाचे नाही, आपल्या पाहण्याच्या सवयीतच त्याचे कारण आहे, असे मला वाटते.

त्यासाठी नाइन-बॉल या प्रकाराचे नियम थोडक्यात पाहिले पाहिजेत. टेबलावर १ ते ९ क्रमांकाचे चेंडू असतात. प्रत्येक फटक्यात पांढऱ्या चेंडूने सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करायचा असतो. नियमानुसार मारलेल्या फटक्यावर नऊ नंबर पडला की डाव जिंकला. लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श झाला नाही, किंवा स्पर्शानंतर एकही चेंडू पडला नाही वा कुशनला लागला नाही, तर फाउल होतो. मग प्रतिस्पर्धी पांढरा चेंडू उचलून टेबलावर हवा तिथे ठेवू शकतो. अमेरिकेत पूर्वी खेळल्या जाणाऱ्या प्रकारात पहिल्याच फाउलला एवढी मोठी शिक्षा नव्हती. ‘टेक्सस एक्स्प्रेस’ नावाने ओळखले जाणारे नियम रूढ झाल्यावर ती आली आणि बचावाचे स्वरूपच पालटले. चेंडू लपवणे हा आता वेळ काढण्याचा मार्ग राहिला नाही. प्रतिस्पर्ध्याकडून फाउल करवून घेऊन डाव जिंकण्याची ती पहिली पायरी झाली.

तरीही बचावाबद्दल प्रेक्षकाच्या मनात एक अढी असते. कॅरमच्या बोर्डावर समोरच्याची सोंगटी अडवून ठेवणाऱ्याला ‘रडीचा डाव खेळतो’ असे आपण लहानपणी हिणवलेले असते. सोंगटी घेता येत नाही म्हणून हा अडवतो, असा त्यामागचा समज. पुलाच्या टेबलावर हा समज टिकत नाही. चेंडू पॉकेटमध्ये पडला की तो हिशेबातून जातो आणि पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नीट जागी आणणे एवढेच काम उरते. बचावात दोन्ही चेंडू टेबलावरच राहतात आणि दोघांचीही जागा नेमकी साधावी लागते. त्यात आखूड जंप क्यूमुळे पांढरा चेंडू मधल्या चेंडूवरून उडवता येऊ लागला. त्यामुळे नुसता आडोसा पुरत नाही. पांढरा चेंडू आडोशाला जवळजवळ चिकटून थांबला, तरच उडी मारायला जागा राहत नाही. अशा फटक्यात चूक दोन बोटांची असली तरी ती महागात पडते.

आकडेवारीनेही या बाबतीत फारशी मदत केलेली नाही. अमेरिकेत पॅट फ्लेमिंग यांच्या ‘ॲक्यू-स्टॅट्स’ संस्थेने खेळाडूच्या कामगिरीची सरासरी काढण्याची एक पद्धत रूढ केली. खेळाडूने घातलेल्या चेंडूंच्या संख्येला, ते चेंडू आणि त्याच्या चुका यांच्या बेरजेने भागायचे. ९० चेंडू आणि १० चुका असतील तर सरासरी ०.९०० येते. चुकांमध्ये चुकलेल्या नेमाबरोबर फसलेला बचावही धरला जातो, हे या पद्धतीचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण साधलेला बचाव अंशस्थानी कुठेच येत नाही. एखाद्याने चेंडू अप्रतिम लपवला, समोरच्याचा फाउल झाला आणि मग याने सोपे आठ चेंडू घातले, तर त्या आठांची नोंद होते. ते आठ ज्या एका फटक्याने मिळवून दिले, त्याची होत नाही. बचावपटू इथे फक्त चुकल्यावर दिसतो.

रेयेस आणि स्ट्रिकलंड यांची तुलना करतानाही असेच होते. एक जादूगार, दुसरा नेमबाज, अशी सोपी विभागणी केली जाते. तिला आधार नाही असे नाही. स्ट्रिकलंडने १९९६ मध्ये डॅलस येथे सलग ११ डाव एकहाती साफ केले होते. रेयेस ज्या देशात घडला, तिथे १५ चेंडूंचा रोटेशन हा खेळ लोकप्रिय होता. त्यातही सर्वांत लहान क्रमांकाचा चेंडू आधी मारावा लागतो आणि टेबलावर गर्दी अधिक असते. कुशनवरून वाट काढण्याची त्याची हातोटी अशा गर्दीतच पक्की झाली असावी. पण त्याच १९९६ साली हाँगकाँगमध्ये दोघांत तीन दिवसांचा सामना झाला. १२० डाव आधी जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काहीच नाही. एका टप्प्यावर १७ डावांनी मागे असलेला रेयेस १२०-११७ असा जिंकला. २३७ डावांनंतर फरक उरला तीन डावांचा. इतक्या लांबच्या सामन्यात कोणी नुसता जादूगार किंवा नुसता नेमबाज राहून तग धरू शकत नाही.

थोर खेळाडूंच्या हातून असे फटके वारंवार निघतात की ते हल्ला आहेत की बचाव, हे सांगता येत नाही. चेंडू पडला तर डाव पुढे चालू, नाही पडला तर प्रतिस्पर्ध्यासमोर आडोसा, अशी दुहेरी सोय त्यात असते. चेंडू पडला की आपण नेमाला दाद देतो, न पडल्यास नशिबाला. विचार मात्र दोन्ही वेळा तोच असतो.

बचावाने खेळ रटाळ होतो, हा आक्षेप काही खेळांबाबत खराही असेल. नाइन-बॉलमध्ये एकच फाउल डाव उलटवतो, म्हणून लपाछपी फार लांबत नाही. रटाळपणा वाटतोच तो बहुतेक वेळा आपण चुकीच्या जागी पाहत असल्यामुळे. पॉकेटकडे पाहण्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: फटक्यानंतर दोन्ही चेंडू कुठे थांबले, प्रतिस्पर्ध्याला काय शिल्लक राहिले आणि खेळाडूने कोणता मोहाचा फटका सोडून दिला. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण न मारलेला फटका कॅमेऱ्याला दिसत नाही.

रेनोतल्या त्या फटक्याचे चित्रण आजही आवडीने पाहिले जाते. ते पाहताना सुरुवात एक फटका आधीपासून करावी. रेयेसची थोरवी त्याने तसूभरही कमी होत नाही. त्याने सोडवले ते कोडे किती अवघड होते आणि ते कोणी घातले होते, हे मात्र कळते.