चालते घर आणि वाहती नदी

वसंत ऋतू सुरू झाला की थेम्सकाठच्या हेन्ली, मार्लो यांसारख्या गावांच्या आसपास कॅम्परव्हॅन येऊन उभ्या राहू लागतात. बिछाना, शेगडी, कपाटे असा संसार पोटात घेतलेली ही मोटार दोन-चार दिवसांच्या सुटीपुरते घर होते. या चालत्या घराचे एक ठसठशीत पूर्वरूप केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या कादंबरीत आढळते. बालवाङ्मय म्हणून वाचली जाणारी ही कादंबरी प्रवासाविषयी एक गंभीर विचार मांडते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

कादंबरीच्या पहिल्या दोन प्रकरणांत घराबाहेर पडण्याच्या दोन तऱ्हा शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत. पहिल्या प्रकरणात वसंतातील साफसफाई करणारा मोल हातातील चुन्याचा कुंचला टाकून बिळाबाहेर पडतो. त्याच्याजवळ काहीही नाही, कोठे जायचे हेही ठरलेले नाही. आयुष्यात प्रथमच तो नदी पाहतो. रॅट हा पाणउंदीर त्याला होडीत घेतो. उतावळेपणाने वल्ही ओढून मोल होडी उलटवतो, पाण्यात पडतो आणि पुढे पोहायला व वल्हवायला शिकतो. रिकाम्या हाताने आलेल्या या पाहुण्याला नदी आपलेसे करते.

दुसऱ्या प्रकरणात उन्हाळ्यातील एका सकाळी टोड हा श्रीमंत बेडूक आपली नवी घरगाडी दाखवतो. पिवळ्याधमक रंगाच्या, लाल चाकांच्या त्या गाडीत झोपण्याचे फळे, चूल, पुस्तके, पत्ते, मुरंबा, पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा आहे. सहलीसाठी अशी घोड्याची घरगाडी बाळगण्याची हौस त्या काळी नवी होती. इंग्लंडमध्ये ‘कॅरॅव्हॅन क्लब’ स्थापन झाला तो १९०७ साली, म्हणजे कादंबरीच्या आदल्याच वर्षी. ग्रॅहम यांनी आपल्या काळाची ताजी आवड अचूक हेरली होती.

या सहलीचे चित्रण वरवर विनोदी असले तरी त्यातील निरीक्षण बोचरे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टोड गाढ झोपलेला असताना मोल आणि रॅट घोड्याचे व चुलीचे सारे काम उरकतात. इतका साठा बरोबर असूनही जरुरीच्या वस्तू राहिल्याच आहेत. त्या आणि दूध-अंडी आणण्यासाठी मोलला खेड्यापर्यंत पायपीट करावी लागते. आणि उठल्यावर टोड म्हणतो काय, तर घरच्या संसाराच्या कटकटींतून सुटून आपण किती सुखात आहोत! घर बरोबर नेले की घरकामही बरोबर येते. ते आपल्या वाट्याला आले नाही म्हणजे ते नाहीसे झाले, असे टोडला वाटते. पुढे हमरस्त्यावर एक मोटार भरधाव निघून जाते आणि घोडा बुजून गाडी खड्ड्यात कोसळते. टोडला मात्र गाडीचे दुःख नाही. रस्त्यावर बसून तो त्या मोटारीचेच स्वप्न पाहू लागतो. प्रवासाने त्याला काहीच शिकवलेले नाही, फक्त वाहन बदलले आहे.

कादंबरीला मर्यादा आहेत. नदीकाठचे सुखवस्तू प्राणी आणि रानातील उपद्रवी प्राणी या मांडणीत तत्कालीन वर्गीय भीती डोकावते, हा आक्षेप रास्त आहे. सर्वांत धुळीचे काम अंगावर पडलेल्या घोड्याची कुरकुरही विनोदापुरतीच राहते. रॅटचे नदीप्रेम कधी कधी हटवादीपणाकडे झुकते. तथापि त्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. पहिल्याच रात्री त्याला नदीची आठवण येऊन कासावीस व्हायला होते. मोल हळूच पळून जाण्याचे सुचवतो, पण रॅट नकार देतो, कारण मित्राला एकटे सोडणे बरे नव्हे. ज्याला घराची ओढ आहे तोच सोबतीचा धर्म पाळतो, हे ग्रॅहम यांनी किती सहज सुचवले आहे!

याच सूत्राची परिणती ‘डल्से डोमम’ या प्रकरणात होते. हिवाळ्यातील एका रात्री वाटेवर मोलला आपल्या सोडलेल्या बिळाचा वास येतो आणि त्याला रडू कोसळते. रॅट त्याला तेथे घेऊन जातो. त्या गरीब बिळात एक रात्र काढताना मोलला उमगते की आपल्याला येथे कायमचे राहायचे नाही, पण हे ठिकाण आहे, आपली वाट पाहत आहे, एवढे ठाऊक असणे पुरेसे आहे. लहानपणी आई गेल्यावर ग्रॅहम यांना आजीकडे, थेम्सकाठच्या कुकम डीन येथे पाठवण्यात आले होते. बँक ऑफ इंग्लंडमधील दीर्घ नोकरीच्या अखेरीस ते पुन्हा त्याच गावी राहायला गेले. त्या प्रकरणातील आर्तता वरवरची वाटत नाही, याचे मूळ कदाचित येथे असावे.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हे प्रकरण विशेष जवळचे वाटावे. नव्या नदीकाठी मनापासून रमूनही जुन्या घराचा वास ओळखता येतो, हे आपण जाणतो. टोडला ते ठाऊक नाही. त्याच्या गैरहजेरीत रानातले प्राणी त्याचा वाडा बळकावतात आणि मग मित्रांच्या मदतीने तो परत मिळवावा लागतो. मोलचे ओसाड बीळ मात्र त्याच्यासाठी जागच्या जागी असते.