कोड सगळ्यांचा, मग नाव कोणाचं?

मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की आपण आधी परवाना बघतो. कोड वापरा, बदला, वाटा, झालं! पण त्याच प्रकल्पाचं ट्रेडमार्क धोरण तुम्ही कधी उघडून वाचलंय का? आज तेच वाचूया. उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे: मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट.

हिशेब आणि साठा सांभाळणाऱ्या या सॉफ्टवेअरचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. नाव आणि लोगो मात्र कंपनीचे. यात काही फसवणूक नाही. ट्रेडमार्कचे हक्क राखून ठेवायची मुभा त्याच परवान्याचं कलम 7 देतं. म्हणजे यवतमाळमधला एखादा प्रोग्रामर हा कोड घेऊन जिनिंगवाल्यांसाठी वेगळी आवृत्ती खुशाल काढू शकतो. पण ती 'ईआरपीनेक्स्ट यवतमाळ' या नावानं विकायची, तर परवानगी लागणार.

नियम आधीच लिहून जाहीर केलेत, ही या धोरणाची जमेची बाजू. भांडण झाल्यावर नियम सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण दोन गोष्टी खटकतात.

पहिली, खुद्द नाव. 'ईआरपी' हा सॉफ्टवेअरचा प्रकार आहे. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 चं कलम 9 वस्तूचा प्रकार किंवा ठिकाण सांगणाऱ्या शब्दांना सहसा नोंदणी देत नाही. शिवाय कलम 17 नुसार अख्खं नाव नोंदलं, तरी त्यातल्या सर्वसाधारण शब्दावर मक्तेदारी मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. नावाला पत मिळते ती अनेकांच्या कामातून, पण ताबा एकाच कंपनीकडे राहतो. याचा परिणाम काय होऊ शकतो ते हडसन प्रकल्पात दिसलं. ओरॅकलनं 2010 मध्ये सन कंपनी घेतली आणि हडसन या नावावर हक्क सांगितला. जानेवारी 2011 मध्ये समुदायानं मतदान करून जेन्किन्स हे नाव घेतलं. कोड सोबत नेता आला, नाव मागेच राहिलं.

आता समजा, तुम्ही मित्रमिळून कापूस उत्पादकांसाठी ॲप करताय. 'यवतमाळ कापूस नोंद' हे नाव समजायला सोपं, पण राखायला अवघड: ठिकाणही आलं आणि कामही. त्यापेक्षा 'टिटवी'सारखा कामाशी संबंध नसलेला शब्द बळकट. मात्र आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या शोधात वर्ग 9 आणि 42 तपासा, उच्चारसाम्यासकट. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचं शुल्क 4,500 रुपये. नोंदणी 10 वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण.

खरा प्रश्न अर्जातल्या एका रकान्याचा आहे: मालक कोण? व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव तिथे चालत नाही. संस्था किंवा ट्रस्ट नोंदवा. ते जमत नसेल, तर एकाच्या नावानं अर्ज करण्याआधी बाकीच्यांशी लेखी करार करा, आणि तोही पहिली आवृत्ती बाहेर पडायच्या आत. कारण एकदा का नावाला किंमत आली, की मैत्रीतले तोंडी शब्द फार काळ टिकत नाहीत.