फेणीची कायपिरीन्या : रूपांतर की वेषांतर?

गोव्यातील उपाहारगृहांच्या पेयपत्रिकांतून आणि घरगुती पाककृतींच्या सदरांतून अलीकडे एक नाव वरचेवर आढळते : ‘फेणी कायपिरीन्या’. कृती म्हणून जे दिलेले असते ते एका वाक्यात संपते. ब्राझीलच्या कायपिरीन्याची मूळ कृती घ्यावी, तीतील काशासा नावाचे मद्य वगळावे आणि त्याच मापाने फेणी ओतावी. ग्रंथाचे परीक्षण करावे तसे पाककृतीचेही करता येते, आणि ही कृती परीक्षणास खचित योग्य आहे. कारण एक उत्तम कल्पना तिच्यात केवळ आळसाने वाया गेली आहे. ज्या मासिकाचे अंक देवस्थानच्या अग्रशाळेत वाचले जातात त्यात मद्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. न पिणाऱ्याने प्यावे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु फेणी ही आपल्या भूमीची वस्तू आहे, आणि तिच्या नावाचा प्रश्न जो तिला शिवतही नाही त्याचाही आहे.

प्रथम मूळ पेय पाहू. साव पावलो प्रांताच्या अंतर्भागातील खेडूताला ‘कायपिरा’ म्हणतात. कायपिरीन्या हे त्याच शब्दाचे लाडिक, लघुत्वदर्शक रूप. कृतीही खेडूताला शोभेल अशीच. एका हिरव्या लिंबाच्या फोडी आणि चार चमचे साखर पेल्यातच लाकडी बत्त्याने चेपावयाची, वर बर्फ आणि ६० मिलिलिटर काशासा. बत्ता मात्र हलक्या हाताने चालवावा लागतो. सालीतील सुगंधी तेल सुटले पाहिजे, पण आतील पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरता कामा नये. काशासा उसाच्या ताज्या रसापासून गाळतात, मळीपासून नव्हे. म्हणून तिला ओल्या उसाचा वास असतो आणि साखर तिला परकी वाटत नाही. ब्राझील सरकारने २ ऑक्टोबर २००३ च्या हुकुमाने या पेयाची कायदेशीर व्याख्याच करून टाकली : मद्यांश १५ ते ३६ टक्के, आणि मद्य केवळ काशासाच, सोबत लिंबू व साखर. (हीच तारीख आपल्या देशात मद्यविक्री बंद ठेवण्याची, हा योगायोग मौजेचा खरा.)

आता फेणीकडे वळू. काशासाच्या जागी फेणी घालण्याची कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याची रसिकता मान्य केलीच पाहिजे. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले, आणि तेथील तुपी लोकांचा शब्द पोर्तुगीज भाषेतून येता येता आपला ‘काजू’ झाला. आज मणगण्यात काजू घालून त्याचा नैवेद्य दाखविताना तो परदेशी असल्याची शंका कोणाच्या मनात येत नाही. त्याच झाडाच्या बोंडांचा रस आंबवून व गाळून गोव्याने फेणी सिद्ध केली. ब्राझीलने काजू दिला; त्याची फेणी ब्राझीलच्या पेल्यात परत जावी, यात एक ऋणानुबंध आहे. शिवाय दोन्ही मद्ये ताज्या रसाची, दोन्ही गावच्या भट्टीवर वाढलेली, आणि दोहोंनाही शहरी प्रतिष्ठितांनी दीर्घकाळ नाके मुरडलेली. व्होडकासारखे निर्गंध मद्य घालण्यापेक्षा ही निवड कितीतरी अर्थपूर्ण आहे.

परंतु कल्पना सुचली म्हणजे कृती साधली असे होत नाही. ‘तितकीच फेणी’ हे दोन शब्द सगळा घात करतात. तीव्रतेच्या दृष्टीने माप चुकत नाही. काशासा ३८ ते ४८ टक्क्यांची असते, फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची. चुकते ते वासाच्या दृष्टीने. काजूच्या फेणीचा दर्प पिकल्या बोंडाचा, उग्र आणि रेंगाळणारा; चार चमचे साखर त्याला शांत करीत नाही, उलट त्याला गुळचट करून सोडते. मी दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या आहेत. साखर निम्मी केली, फेणी ४५ मिलिलिटरवर आणली आणि चिमूटभर मीठ टाकले की तोच दर्प एकदम फळाचा वाटू लागतो. आणखी एक. बहुतेक कृतींत फेणी काजूची की माडाची, हे सांगण्याची तसदीही घेतलेली नसते. दोहोंत साम्य नावापुरतेच.

अशा अदलाबदलीचा उत्तम दाखला नेग्रोनी या इटालियन पेयाच्या घराण्यात सापडतो. जिन, कांपारी आणि गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिलिलिटर, ही नेग्रोनी. त्यातील जिन काढून अमेरिकन बर्बन व्हिस्की घातली की होते बुलेव्हार्दिए. १९२७ साली हॅरी मॅकएल्होन यांच्या पुस्तकात ते पेय आले, आणि त्याचे नाव पॅरिसहून निघणाऱ्या एका मासिकाचे आहे. आजच्या प्रचलित कृतीत बर्बन ४५ मिलिलिटर असते, बाकीची दोन ३०. म्हणजे मद्य बदलले, त्याबरोबर प्रमाण बदलले आणि नावही बदलले. आपल्या देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला तेव्हा त्याला ‘झुंझारराव’ केले आणि डेस्डेमोनाची कमळजा झाली. नावे तेवढी तशीच ठेवून पात्रांना पगड्या घातल्या असत्या, तर प्रेक्षक पहिल्याच अंकात हसले असते. फेणी कायपिरीन्या हे असले पगडी घातलेले ऑथेल्लो आहे.

नावाचा मुद्दा मला वकील म्हणून अधिक बोचतो. भौगोलिक निर्देशनांचा आपला १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला, म्हणजे ब्राझीलच्या त्या हुकुमाच्या अवघे सतरा दिवस आधी. त्या कायद्याखाली २००९ साली काजूच्या फेणीची नोंद झाली. उद्या दुसऱ्या प्रांतात कोणी उसाच्या मद्याला ‘ऊस फेणी’ म्हणून बाटलीत भरले, तर आपण कोर्टाची पायरी चढूच, आणि चढावीच. मग ब्राझीलने ज्या शब्दाला केवळ काशासाचा म्हणून जपले, तोच शब्द आपण फेणीच्या पाठीस कोणत्या तोंडाने जोडतो? त्यांचा हुकूम गोव्यात चालत नाही, हे उत्तर कायद्याचे झाले, शेजारधर्माचे नव्हे. आणि नुकसान मुख्यतः आपलेच आहे. पाहुणा हे पेय पितो आणि ब्राझीलचे पेय प्यालो असे म्हणून घरी जातो. फेणी विशेषणापुरती उरते. स्वतः ब्राझीलचे लोकही व्होडका घातली की त्याला कायपिरीन्या न म्हणता कायपिरोस्का म्हणतात. कोंकणीसारखी नावे ठेवण्यात तरबेज भाषा हाताशी असताना आपणास एक नाव सुचू नये?

हुर्राकाच्या बाबतीत तर ही कृती सर्वस्वी टाकाऊच. पहिल्या धारेचा हुर्राक जेमतेम १५ टक्क्यांचा. चेपलेल्या लिंबावर आणि बर्फावर ६० मिलिलिटर ओतला की पाच मिनिटांत पेल्यात गोड पाणी तेवढे शिल्लक राहते. मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम, आणि त्या दिवसांत गोव्याची घरे त्याला लिंबू, मीठ व उभी चिरलेली हिरवी मिरची एवढेच देत आली आहेत.