चेतनगुणोक्तीच्या पलीकडे : ग्रीक पुराणकथांतील मूर्तिमंत भाव

प्रस्तावना :

ग्रीक पुराणकथांचा परिचय करून देताना झ्यूस, अथीना, अपोलो या देवतांचे विवेचन विस्ताराने केले जाते. मात्र कलह, सत्ता, बळजबरी, दारिद्र्य अशा अमूर्त भावांना लाभलेल्या देवतारूपांची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. 'चेतनगुणोक्ती' ही संज्ञा हाताशी असल्याने ही सारी रूपे त्या सदरात टाकणे आपणांस सोयीचे वाटते. चेतनगुणोक्तीत अचेतनावर सचेतनाचे गुण आरोपित केलेले असतात; तो आरोप दूर केला तरी मूळ आशय शाबूत राहतो, असे गृहीत असते. ग्रीक साहित्यातील मूर्तिमंत भावांना हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे विचारच मूर्तीच्या द्वारा घडतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

१. हेसिअडची दुरुस्ती :

'थिऑगनी' या काव्यात हेसिअडने ईरिस, म्हणजे कलह, ही रात्रीची कन्या मानली आहे. कष्ट, विस्मृती, उपासमार, वेदना ही तिची अपत्ये. पुढे 'वर्क्स अँड डेज' या काव्यात मात्र तो सांगतो की ईरिस एक नसून दोन आहेत. एक युद्ध वाढविणारी. दुसरी आळशालाही कामाला लावणारी. तिच्यामुळेच कुंभार कुंभाराशी चढाओढ करतो. ही दुसरी थोरली असून झ्यूसने तिला पृथ्वीच्या मुळांशी स्थान दिले आहे.

येथे कवी आपल्याच पूर्वीच्या मताची दुरुस्ती करीत आहे आणि ती वंशावळीच्या भाषेत करीत आहे. या दुरुस्तीला प्रत्यक्ष जीवनाचा संदर्भ आहे. वडिलोपार्जित मालमत्तेवरून भाऊ पर्सीझ याच्याशी झालेला तंटा आणि लाच खाऊन न्याय देणारे सत्ताधीश ही या काव्याची पार्श्वभूमी होय. भावाने कोणती ईरिस निवडावी, हा कवीपुढील खरा प्रश्न आहे. देवता बाजूला काढली, तर हा युक्तिवादच कोसळतो.

२. बोलणारी सत्ता, मुकी बळजबरी :

'थिऑगनी'त क्रॅटोस (सत्ता) आणि बिया (बळजबरी) ही स्टिक्सची अपत्ये सदैव झ्यूसच्या सन्निध राहतात. परंपरेने इस्किलसच्या नावावर असलेल्या, परंतु ज्याच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत अशा 'प्रोमिथ्यूस बाउंड' या नाटकाच्या प्रारंभी हीच दोघे रंगमंचावर येतात. प्रोमिथ्यूसला खडकाशी जखडण्याचे काम हिफीस्टसला अनिच्छेने करावे लागते. क्रॅटोस त्याला सतत आज्ञा देतो, त्याच्या कळवळ्याची हेटाळणी करतो. बिया मात्र अखेरपर्यंत एक शब्दही उच्चारीत नाही. सत्ता समर्थन करते, बळजबरीला समर्थनाची गरज भासत नाही. आणि हातोडा मात्र सहानुभूती असणाऱ्या कारागिराच्या हाती असतो. सत्तेच्या स्वरूपाविषयीचे हे भाष्य पात्रयोजनेतूनच सिद्ध झाले आहे.

३. अँड्रॉसचे उत्तर :

हा विचार केवळ कवींपुरता मर्यादित नव्हता. हिरोडोटसने नोंदविल्यानुसार इ.स.पू. ४८० मधील सॅलॅमिसच्या लढाईनंतर थेमिस्टोक्लीझने अँड्रॉस बेटाकडे पैशाची मागणी केली. अथेन्सवासी पीथो (मनधरणी) आणि अनांके (अपरिहार्यता) या दोन थोर देवता घेऊन आले आहेत, असे त्याने बजावले. त्यावर बेटवासीयांनी कळविले की पेनिया (दारिद्र्य) आणि अमेखानिया (निरुपायता) या दोन निरुपयोगी देवता आमचे बेट सोडीत नाहीत. सबब अथेन्सचे सामर्थ्य आमच्या असमर्थतेहून कधीही वरचढ ठरणार नाही. अथेन्सने वेढा घातला. परंतु बेट हाती आले नाही.

पीथोची अथेन्समध्ये प्रत्यक्ष उपासना होत असे, हे ध्यानी घेता थेमिस्टोक्लीझचे बोलणे निव्वळ शब्दचातुर्य ठरत नाही. मूर्तिमंत भावांची भाषा बलिष्ठांना धमकीसाठी जशी उपयोगी पडली, तशीच दुर्बलांना प्रत्युत्तरासाठीही उपयोगी पडली, हे येथे महत्त्वाचे आहे.

४. भाषांतराचा प्रश्न :

प्राचीन ग्रीक लेखनात विशेषनाम व सामान्यनाम वेगळे दाखविण्यासाठी मोठी व लहान अक्षरे नव्हती. आज छापील आवृत्तीत एखादा शब्द देवतेचे नाव आहे की केवळ गुणवाचक, हे मोठे अक्षर योजून संपादक ठरवितो. देवनागरीत असा भेद नसल्याने मूळची संदिग्धता मराठीत राखता येते. अडचण निराळीच आहे. पहिल्या ईरिससाठी 'कलह' आणि दुसरीसाठी 'स्पर्धा' असे दोन शब्द योजले, तर वाचन सुलभ होते. परंतु एकाच नावाच्या दोघी आहेत, हा हेसिअडचा मुद्दाच नाहीसा होतो. शिवाय 'कलह' पुल्लिंगी असल्याने रात्रीची कन्याही हरवते. म्हणून मूळ नाव कायम ठेवून अर्थ विवेचनातून उलगडणे अधिक न्याय्य होय.

निष्कर्ष :

ग्रीक पुराणकथांतील मूर्तिमंत भाव हे अलंकरण नसून विचाराचे साधन आहे. त्यांच्या आधारे कवी स्वतःचे मत सुधारतो, नाटककार सत्तेची चिकित्सा करतो आणि एक दरिद्री बेट बलाढ्य नगरराज्याला नकार देते. 'चेतनगुणोक्ती' ही संज्ञा अध्यापनात टाळावी असे नव्हे. परंतु अलंकार ओळखून विवेचन थांबविले, तर बिया मूक का आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात उद्भवणारच नाही.