लढणारे आणि घरी राहिलेले

मुरुममध्ये उभं राहून हुकूमशाहीवर बोलायचं तर लांब जायला नको. १९४८पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. त्या काळावर ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ लिहिला. ते स्वतः त्या लढ्यात होते. पुढं आणीबाणीत स्वतंत्र देशाच्या सरकारनंही त्यांना तुरुंगात टाकलं. जुलूम त्यांना ऐकीव नव्हता. ग्रंथाचं बळ यातच आहे, आणि मर्यादाही. लढणारा माणूस त्या काळाकडं लढ्यातूनच बघणार.

आता अमेरिकन पत्रकार बार्बरा डेमिक यांचं ‘नथिंग टू एन्व्ही’ बघा. उत्तर कोरियातल्या चोंगजिन शहरातली, देश सोडून निसटलेली सहा साधी माणसं. वीज नसलेल्या अंधाराच्या आडोशानं भेटणारे दोन प्रेमी त्यात आहेत. त्यातलीच मुलगी पुढं बालवाडीत शिकवते आणि डोळ्यांदेखत मुलं उपासमारीनं खंगताना बघते. राजवट घरात कशी शिरते, ते इथं कळतं.

आपल्याकडं असं लेखन फार थोडं. रझाकारांच्या धाकानं घरदार सोडलेली कुटुंबं, आणि पोलीस कारवाईनंतर ज्यांच्यावर सूड उगवला गेला ती मुसलमान कुटुंबं. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद धरला होता. दोन्हीकडची जाणती माणसं आता मोजकीच उरलीत. पुस्तक नंतर लिहा, पण त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा.