नदी कुठं संपते? परिक्रमेच्या पुस्तकांविषयी

मंडळी, किन्हीराजात उभं राहून समुद्रकाठच्या वाटेवर बोलायचं, हे जरा विचित्रच. पण आपल्या वाशिम जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. काटेपूर्णेचं पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला, पैनगंगेचं वर्धा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. तेव्हा समुद्राशी आमचा काय संबंध, असं कोणी म्हणू नये.

आज विषय आहे नर्मदा परिक्रमेवरची मराठी पुस्तकं, आणि त्यातही परिक्रमेचा एकच टप्पा. नदी १३१२ किलोमीटरची. ती उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, पात्र कुठंही ओलांडायचं नाही. मग मुखापाशी दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायचं कसं? तर विमलेश्वरला नावेत बसायचं, खंभातच्या आखातातून मिठी तलाईला उतरायचं. ओलांडला तो समुद्र, नदी नव्हे. म्हणून नियम मोडला नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथं अडखळतो. राशीतून एकेक दाणा काढत गेलं तर रास नेमकी कोणत्या दाण्याला संपली, हे ग्रीकांचं जुनं कोडं. आपण तुरीची रास समजू. तसंच नदीचं. ती कोणत्या थेंबाला संपली? बरं, नाव सुटते भरतीच्या वेळी. महिनोन्महिने स्वतःच्या पायांवर चाललेला माणूस तिथं चंद्राच्या आणि नावाड्याच्या हाती असतो. ‘मी चाललो’ हे वाक्य तिथं लंगडं पडतं. आमच्या मते परिक्रमेतली सर्वांत विचार करण्याजोगी जागा हीच. आणि आम्ही वाचलेल्या बहुतेक वर्णनांत ती घाईनं उरकलेली दिसते.

गोनीदा परतवाड्याला जन्मलेले, म्हणजे आपल्या विदर्भातलेच. गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेले. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या नावातच त्यांनी चालणाऱ्याचं नाव पुसून टाकलं. तिथं वाटेवरची माणसं परिक्रमेइतकीच मोठी होतात. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदेऽऽ हर हर’ची ताकद वेगळी. ते वाचून पिशवी उचलून निघालेले लोक आमच्या ओळखीत आहेत, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण त्यानंतर जी लाट आली, त्या लिखाणात भाकरी देणारी बाई हा मैयाच्या कृपेचा पुरावा होऊन बसते. तिच्या डब्यात पीठ किती उरलं, हे कोणी विचारत नाही. भारती ठाकूर यांनी आपल्या पुस्तकाला ‘अंतर्यात्रा’ म्हटलं खरं, पण परिक्रमा झाल्यावर त्या नर्मदेकाठी परतल्या आणि तिथल्या मुलांसाठी शाळा काढल्या. या लाटेवरची ही सर्वांत नेमकी समीक्षा आहे, असं आम्ही समजतो.

आता मुद्द्याचं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले, उंची १३८.६८ मीटर. वरच्या अंगाला जुना काठ बुडाला, त्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली गावंही आली. खालच्या अंगाला गोडं पाणी कमी झालं आणि खारं पाणी आत शिरलं. ते अडवायला आता भरूचजवळ भाडभूतला बंधारा बांधला जातोय. हिलसा मासा समुद्रातून नदीत वर चढतो, त्यावर जगणारे मच्छीमार या बंधाऱ्याला विरोध करताहेत. म्हणजे नदी कुठं संपते हे कोडं राहिलंच नाही. ते दरवाजे उघडणारा-मिटणारा ठरवणार. आणि परिक्रमेची पुस्तकं आतला प्रवास लिहीत बसली आहेत! जिला आई म्हणतो तिच्यात पाणी किती उरलंय हे पाहिलं, तर भक्ती बाटत नाही हो.

प्रश्नोत्तरांआधी एक विनंती. तुमच्यापैकी दोघंजण यंदा चातुर्मास संपला की निघणार आहेत, असं कळलं. विमलेश्वरला भरतीची वाट पाहत बसाल, तेव्हा नावाड्याला विचारा, तुझ्या लहानपणी गोडं पाणी कुठवर यायचं? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. परत आलात की ती वही आम्हाला वाचायला द्या.