निरिच्छतेचा ताठा

अहंकार सोडावा, समाधान धरावे, नम्र व्हावे, हा उपदेश आमच्या देवळांतून इतक्या वेळा ऐकू येतो की तितक्या वेळा तेथील घंटाही वाजत नसेल. उपदेशाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संतोष आणि नम्रता या दोन गुणांना जुळ्या बहिणी समजून एकाच पाळण्यात निजविण्याच्या आमच्या सवयीविषयी. ज्याला काही नको आहे तो आपोआप नम्र असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. सोहिरोबानाथ आंबिये यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात हे गृहीत पदोपदी आढळते, आणि त्यापायी या कवीचे अत्यंत जिवंत असे एक अंग झाकून जाते, असे माझे मत आहे.

सोहिरोबा आमचे आहेत. जन्म १७१४ चा, बांद्याचा. घराण्याचे मूळ पेडणे महालात सांगतात. सोहिरोबांच्या आयुष्याचा बहुतेक काळ बांदे आणि पेडणे दोन्ही सावंतवाडीकरांच्याच मुलखात होती. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, ते त्यांच्या उतारवयात. आज पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि गोमंतकातील असे देऊळ क्वचितच असेल की जेथील भजनात त्यांचे एखादे पद म्हटले गेले नाही. असा कवी घरचा झाला की त्याचे वाचन थांबते. आपण त्याला गातो, नमस्कार करतो आणि पुढे जातो.

ते बांद्याचे कुलकर्णी होते. ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यात उरकतात. मी वकील असल्यामुळे तेथेच थबकतो. कुलकर्ण्याचा जन्म दुसऱ्याचे ‘माझे’ लिहिण्यात जातो. कोणाचे शेत किती, कोणाचा माड कोठे, कोणाचे वतन कोणाकडून आले, सारा कोणाकडे थकला, हे सर्व त्याच्या दप्तरात. मनुष्याचा ‘मी’ हा दप्तरात जितका उघडा दिसतो तितका तो आरशातही दिसत नाही. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, आणि कारणे लिहून देतो की, येथून जो ‘मी’ सुरू होतो तो चतुःसीमा सांगितल्यावाचून थांबत नाही. सोहिरोबांच्या पदांत अहंतेचे जे वर्णन येते ते ग्रंथ वाचून आलेले नाही, दप्तर लिहून आलेले आहे, असे मला नेहमी वाटते. त्यांच्या ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धांतसंहिता’, ‘अक्षयबोध’ इत्यादी मोठ्या ग्रंथांत नाथपंथी योग आणि अद्वैत यांचा विचार परिभाषेच्या भारासह येतो. श्रद्धेने वाचले तरी दम लागतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पदांत मात्र तोच विचार अंगावरचे ओझे उतरवून येतो. तेथे शब्द घरगुती आहेत, चाल ओठांवर बसणारी आहे, आणि ऐकणाऱ्याला दटावणारा आवाज वडीलधाऱ्याचा आहे, शास्त्र्याचा नाही.

त्यांच्या जीवनपालटाची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. सावंतवाडीच्या दरबारातून तातडीचे बोलावणे आले; कुलकर्णी निघाले; वाटेत इन्सुलीच्या रानात भुकेपोटी फणस फोडून बसले; तोच एक अवधूत पुढे उभा राहिला आणि त्याने वाटा मागितला. कुलकर्ण्यांनी गरे दिले. ते अवधूत म्हणजे गहिनीनाथ, आणि तोच उपदेशाचा क्षण. पुढे वतनाचे दप्तर त्यांनी सोडले. या कथेत मला आवडते ते हे की तिची सुरुवात त्यागाने होत नाही, वाटून खाण्याने होते. राजाचे बोलावणे डोक्यावर असताना, उशीर झाला तर काय होईल ही धास्ती मनात असताना, रानात भेटलेल्या अनोळखी माणसाला गरे काढून द्यायला थांबणे, यात फार मोठे वैराग्य नाही. पण स्वतःच्या घाईपेक्षा दुसऱ्याची भूक मोठी मानणे आहे. आणि फणस हे फळही असे की तो खाणाऱ्याचे हात चिकाने बरबटलेले असतात. कोणालाही फार रुबाब राखून तो खाता येत नाही.

येथवर सर्व ठीक आहे. अडचण येते ती ग्वाल्हेरीस.

सोहिरोबा उत्तरेकडे गेले. शिंदेशाहीतील मातबर सरदार जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरीचे. आपल्या मुलखातील सिद्धपुरुषाची आणि महादजी शिंद्यांची भेट घडावी अशी त्यांची इच्छा. भेट झाली. महादजी स्वतः पदे रचीत. आख्यायिका अशी की त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली, ती सोहिरोबांना रुचली नाही आणि तसे ते बोलले. महादजींचा राग दिसताच त्यांनी हिंदुस्थानी भाषेत एक पद म्हटले आणि ते चालते झाले. पद प्रसिद्ध आहे. अवधूताला तुझी गरज नाही, तू राजा आहेस आणि आम्ही जोगी, आमची वाट निराळी, हा त्याचा आशय. आणि तुझ्यासारखे छत्रधारी आमच्या पायी पडतात, असेही त्यात येते.

आता वाचकांनीच सांगावे, याला नम्रता कोणी म्हणेल काय?

आमचे निरूपणकार म्हणतात. कोणी म्हणतो, संतांचे ‘आम्ही’ म्हणजे देहधारी व्यक्ती नव्हे, परब्रह्म बोलते आहे. हा बचाव मला न्यायालयात ऐकलेल्या पुष्कळ बचावांसारखा वाटतो; तो इतका व्यापक आहे की त्याखाली कोणीही सुटेल. कोणी म्हणतो, राजाचा अहंकार उतरविण्यासाठी हा लटका अहंकार धारण केला. असेल, पण तसे पदात कोठे म्हटलेले नाही, आणि जे लेखात नाही ते पदरचे घालून अर्थ लावू नये हा नियम कवितेलाही लागू असावा. मला त्या पदात ताठा ऐकू येतो. ज्याला कोणाचे काही घेणे नाही अशा माणसाचा तो ताठा आहे. समाधानी माणूस कोणापुढे वाकत नाही, कारण वाकण्याचे कारणच त्याला उरत नाही. आणि न वाकण्याची सवय जडली की मान ताठ राहते. संतोषातून गर्व निपजू शकतो ही गोष्ट आपण बोलून दाखवीत नाही, एवढेच.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे ठाऊक होते. योगसूत्रांत पाच नियम सांगितले, त्यांत संतोष दुसरा आहे. नम्रतेचे नाव त्या पाचांत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे दिली, त्यांत पहिले अमानित्व, दुसरे अदंभित्व, पुढे अनहंकारही स्वतंत्रपणे मोजला. तेथे संतोषाचे नाव नाही. बाराव्यात तो निरहंकाराच्या शेजारी बसतो खरा, पण शेजार म्हणजे एक घर नव्हे. अमानित्वाचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी जो दृष्टांत दिला तो पाहावा: व्याधाने कोंडलेला हरिण जसा कासावीस होतो तसा हा पुरुष कोणी मान देऊ लागला की होतो. या कसोटीला ग्वाल्हेरचे पद लावले तर ते उतरत नाही. मान चुकविण्यासाठी धडपडणारे हरिण त्यात नाही. उलट, मान नाकारतानाच तो आम्हांला मिळतो याची आठवण दिली आहे.

मग या कवीची किंमत कमी करावी काय? तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण शोधताना मला महादजींकडेच जावे लागते. १७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ई-मुतलकीची सनद आणि वस्त्रे त्यांनी आणली होती. सवाई माधवरावांच्या दरबारात ते सर्वांच्या खाली जाऊन बसले. काखेतील गाठोडे सोडून त्यातून जोडे काढले, ते पेशव्यांच्या पायांशी ठेवले, आणि आमच्या वडिलांचे काम हेच, आमचेही हेच, असे म्हणाले. इतिहासकार ग्रँट डफ याने हा प्रसंग वर्णिला आहे. स्वतःस ते पाटील म्हणवीत, याहून मोठे बिरुद त्यांनी हौसेने कधी मिरविले नाही. नम्रतेचा याहून देखणा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासात सापडणार नाही. आणि त्या दिवशी उत्तर हिंदुस्थानात त्यांच्याइतका बलवान मराठा सरदार दुसरा नव्हता. त्या जोड्यांनी त्यांच्या हातून काहीही सुटले नाही. नाना फडणीस या विनयाने निर्धास्त झाले नाहीत ते उगीच नव्हे. महादजी ढोंगी होते असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. घराण्याची कृतज्ञता त्यात खरीही असेल. पण अमानित्वाच्या लगोलग अदंभित्व का सांगितले, ते येथे कळते.

त्याच १७९२ साली सोहिरोबा उज्जैनहून नाहीसे झाले. ते कोठे गेले हे कोणास कळले नाही अशी परंपरा आहे. दोघांच्या वाणीवरून निकाल द्यायचा तर सोहिरोबा उद्धट आणि महादजी विनम्र ठरतात. पण आम्हां वकिलांना एक गोष्ट शिकविलेली असते: कैफियतीत काय लिहिले आहे ते वाचावे, पण ताबा कोणाकडे आहे तेही पाहावे. सोहिरोबांच्या ताब्यात शेवटी काय होते? वतन बांद्यास सुटले, दरबार ग्वाल्हेरीस सुटला, आणि ज्या नावाने छत्रधारी पायी पडतात म्हणून सांगितले ते नाव घेऊन ते शेवटी उज्जैनहूनही नाहीसे झाले. पदातील ताठा खरा आहे. तो शब्दांत राहिला, मिळकतीत उतरला नाही, हेही तितकेच खरे आहे. संतोष त्यांना आधी लाभला आणि नम्रता मागाहून, बहुधा वाट चालून चालून, आली असावी. असा माणूस मला जन्मजात नम्र संतापेक्षा जवळचा वाटतो. त्यांची काही पदे इतकी शांत आहेत की त्यांत बोलणाराच विरघळल्यासारखा वाटतो. ती पदे आणि ग्वाल्हेरचे पद एकाच गळ्यातून निघाली हे ध्यानात ठेवून दोन्ही वाचली, तर त्या शांतीची किंमत कळते.

हे सर्व मी का लिहितो आहे? आमच्या देवळांमुळे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांचे हक्क कागदावर आले, ते आवश्यकही होते. पण पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाच्या हाती, आरतीचे तबक आधी कोणापुढे, यांवरून चाललेल्या तंट्यांची कागदपत्रे मी जितकी वाचली आहेत तितकी मी पोथी वाचलेली नाही. एका देवस्थानाच्या अशाच वादात मी एका पक्षाचे काम पाहिले. पक्षकार सज्जन, खाऊनपिऊन सुखी, कोणाच्या पैशाचा अभिलाष नसलेले. ‘वकीलबाब, आमकां कांय नाका, फकत आमचो मान जाय,’ हे त्यांचे पहिले वाक्य. ते मी त्या दिवशी सहज ऐकून घेतले आणि अर्ज लिहावयास बसलो. कांय नाका हा संतोष, आणि मान जाय हा अहंकार, दोन्ही एका श्वासात आणि दोन्ही प्रामाणिक! त्या अर्जाची फी मी घेतली, हेही सांगितले पाहिजे.

मान मागणे सर्वस्वी वाईट, असेही मी म्हणत नाही. पेडण्याच्या पुनवेला, कोजागिरीच्या रात्री, भूतनाथाचे तरंग आपले देऊळ मागत डोंगराकडे धाव घेते आणि सारा गाव त्याची समजूत काढून त्याला परत आणतो. देवसुद्धा हट्ट धरतो, आणि त्या हट्टावर गावाचे प्रेम आहे. डिचोली महालात नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या दारावर १६६८ चा शिवछत्रपतींचा लेख आहे: शक, तिथी, राजाचे नाव आणि देवालयाचा आरंभ, बस्स. तेथे नाव खटकत नाही. आजच्या देवळांतील फरशीफरशीवर कोरलेली देणगीदारांची नावे मात्र खटकतात. दर्शनाला जाताना कोणाच्या तरी आजोबांच्या नावावर पाय पडतो.

गेल्या श्रावणात डिचोलीकडील एका देवळात भजनाला बसलो होतो. बुवांनी ग्वाल्हेरचे ते पद घेतले. आवाज पहाडी, पखवाज उत्तम. पण राजे पायी पडतात तो भाग त्यांनी गाळला आणि थेट शेवटच्या कडव्यावर आले. प्रसाद घेताना मी त्यांना कारण विचारले. बुवा हसले. ‘वकीलबाब,’ ते म्हणाले, ‘तें संताच्या तोंडांत बरें दिसना.’ मी त्यांना म्हटले की पुढल्या वर्षी ते पुरे म्हणावे, काही गाळू नये. पाहू, असे ते म्हणाले.